कमी कपडे, टिकाऊ कपडे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली बरीच वर्षं मी कपडे मोजके आणि पारखून घेते. ओळखीपाळखीतले लोक त्याबद्दल फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एका ठिकाणी लिहून ठेवते आहे. सगळ्या उत्तरांच्या मुळाशी एकच सवय आहे. नवा कपडा घेण्याआधी जुना कपडा कुठे विरला, कुठे उसवला, कुठे आकार सोडून बसला, ते नीट बघायचं.

कपाटात नेमके किती कपडे असावेत?

सगळ्यांना आकडा हवा असतो. १९७०च्या दशकात लंडनमध्ये सूझी फॉ यांनी आपल्या दुकानातून ‘कॅप्सूल वॉर्डरोब’ ही, म्हणजे एकमेकांशी जुळणाऱ्या मोजक्या कपड्यांची कल्पना रुजवली. १९८५ मध्ये न्यूयॉर्कच्या डिझायनर डोना कॅरन यांनी अदलून-बदलून घालता येतील अशा सात कपड्यांचा संच आणला. तेव्हापासून वेगवेगळे आकडे फिरत असतात, पण दुसऱ्याचा आकडा आपल्या कामाचा नसतो. स्वतःचा आकडा मात्र सहज काढता येतो. तुमच्याकडे दर किती दिवसांनी धुणं होतं? रोज बदलावे लागणारे कपडे तितके, वर दोन जास्तीचे. पाच दिवसांनी धुणं होत असेल तर सात शर्ट. पँट दोन-तीनदा घालून मग धुतली तरी चालते, म्हणजे तीन पुरतात. स्वेटर, कोट एक किंवा दोन.

याहून कमी करण्याच्या भरीला पडू नका. दोनच शर्ट आलटून-पालटून घातले तर ते दुप्पट-तिप्पट वेळा धुतले जातात आणि तितक्याच लवकर विरतात. लोकरीच्या कपड्याला आणि चामड्याच्या बुटांना तर मध्ये एक दिवस विश्रांती लागतेच. आत मुरलेला दमटपणा त्या दिवशी निघून जातो आणि आकार जागेवर येतो.

सुरुवात कुठून करू? आधी सगळं काढून टाकू का?

नको. एका रविवारी कपाट रिकामं करून पिशव्या भरणारे पुढच्या महिन्यात परत खरेदीला निघतात, कारण कपाट का भरलं होतं ते त्यांना कळलेलंच नसतं.

सगळे हँगर उलट्या दिशेनं अडकवा. जो कपडा घालाल तो धुऊन परत ठेवताना त्याचा हँगर सरळ करा. तीन-चार महिन्यांनी न घातलेले कपडे आपोआप उघडे पडतात. ऋतूचे कपडे त्यातून वगळा. हिवाळी कोट उन्हाळ्यात उलटा राहिला म्हणून तो निरुपयोगी ठरत नाही.

त्याच काळात, घालून घालून संपलेले तुमचे चार-पाच कपडे समोर घेऊन बसा. मी पहिल्यांदा बसले तेव्हा तीन पँटी एकाच जागी गेलेल्या दिसल्या: मांड्या एकमेकींवर घासतात तिथे. कापड इतकं विरलं होतं की आत घातलेली बोटं दिसत होती. बाकी पँट मात्र धडधाकट, खिसे शाबूत, चेन नीट. तोवर मी पँट निवडताना रंग आणि कंबर बघायचे. त्या दिवसापासून आधी कापडाचं वजन आणि मांडीतला ढिलेपणा बघते. तुमचे शर्ट कदाचित काखेत जात असतील, किंवा कॉलरच्या घडीवर, किंवा रोज खांद्याला पिशवी लागते त्या जागी.

जेकब डेव्हिस यांनी हेच केलं होतं. ते अमेरिकेतल्या रीनो गावचे शिंपी. कष्टकऱ्यांच्या विजारी खिशाच्या कोपऱ्यांवर फाटतात हे ओळखून त्यांनी तिथे तांब्याचे रिव्हेट, म्हणजे कापड पकडून ठेवणारे आखूड खिळे, ठोकले. कापडाचे व्यापारी लिव्हाय स्ट्रॉस यांच्याबरोबर त्यांना त्याचं पेटंट मिळालं ते २० मे १८७३ रोजी. आजही जीन्सच्या खिशांना ते असतात.

दुकानात कपड्याचा दर्जा कसा ओळखायचा?

कपडा उलटा करा. बाहेरची बाजू सगळेच चांगली करतात.

आधी शिवणीच्या आत किती कापड सोडलंय ते बघा. जेमतेम अर्धा सेंटीमीटर सोडून ओव्हरलॉक (कड सुटू नये म्हणून मशीननं घातलेली दोऱ्यांची गुंफण) मारलेला असेल तर कपडा ना सैल करता येत, ना नीट दुरुस्त. चांगल्या पँटीला मागे कंबरेत दोन-तीन सेंटीमीटर कापड राखलेलं असतं. शर्टाच्या बाजूच्या शिवणी दुहेरी टिपेच्या, कापडाच्या कडा आत दडवलेल्या असतील तर त्या सहसा उसवत नाहीत.

मग टाके मोजा. इंचभर शिवणीत सात-आठ लांब टाके म्हणजे घाईचं काम. शर्टाला चौदाच्या पुढे असतील तर मशीनवर बसलेल्या माणसाला वेळ दिला गेला होता. शिवण दोन्ही हातांनी हलकेच ताणा. मध्ये फट पडून दोरे दिसले तर तिथेच ती पुढे उसवणार.

काजाची कड दाट विणलेली हवी, दोरे लोंबत असतील तर पाच-सहा धुण्यांत ती सुटते. बटण लावताना खाली दोरा गुंडाळून बारीकशी मान केलेली असते का, तेही बघा. जाड कापडात ती मान नसेल तर बटण लावल्यावर कापड चिमटल्यासारखं दिसतं आणि दोरा झिजतो. खिशाची तोंडं, चेनीचा तळ, पट्टा ओवायच्या लूप इथे आडवे दाट टाके घातलेले असावेत.

कापड उजेडाकडे धरा. विणीत विरळ-दाट पट्टे दिसले, किंवा एका थरातून पलीकडची बोटं स्पष्ट मोजता आली, तर रोजच्या वापरासाठी ते घेऊ नका. मग मुठीत धरून दहा सेकंद चुरगळा आणि सोडा. लिनन चुरगळणारच, तो त्याचा स्वभाव आहे. पण लोकर बघता बघता सरळ व्हायला हवी. टी-शर्ट-स्वेटरसारखं ताणलं जाणारं विणलेलं कापड असेल तर आडवं ताणून सोडा, ते मूळ जागी आलं नाही तर महिन्याभरात कोपराला फुगे येतील.

चौकडी किंवा पट्ट्यांच्या कपड्यात खिशावरची रेघ अंगाच्या रेघेला मिळते का, हे मी सगळ्यात शेवटी बघते. पट्टे जुळवायला कापड जास्त लागतं. तिथे ज्यानं कापड वाचवलं नाही, त्यानं इतरत्रही सहसा वाचवलेलं नसतं.

महाग म्हणजे टिकाऊ, असं समजायचं का?

नाही. नाव, जाहिरात आणि दुकानाचं भाडं यांचे पैसे किमतीत असतातच, आणि नाजूक कापड महाग असूनही टिकत नाही. उलट बाजू मात्र बरीचशी खरी आहे: अतिशय स्वस्त कपड्यात कुठे ना कुठे कात्री लागलेली असते, कधी कापडाला, कधी टाक्यांना, कधी शिवणाऱ्याच्या मजुरीला आणि सुरक्षिततेला. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ सावार इथे राणा प्लाझा ही इमारत कोसळली आणि आतल्या कपड्यांच्या कारखान्यांतली ११०० हून अधिक माणसं गेली. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते, तरी त्यांना कामावर बोलावलं होतं. मी किमतीची चिठ्ठी बघते तेव्हा मला ते आठवतं, आणि ते आठवायला हवं असं मला वाटतं.

हिशोब करायचा तर किमतीला वापराच्या दिवसांनी भागा. तिप्पट किमतीचा कोट दहापट दिवस घातला तर तो स्वस्त पडला. फक्त तो भागाकार खरेदीच्या आधी मोह झाकायला वापरू नका. ‘रोज घालेन’ असं दुकानात सगळ्यांनाच वाटतं. तसाच एखादा कपडा तुम्ही याआधी खरोखर किती वेळा घातला, तो आकडा धरा.

कोणतं कापड सगळ्यात चांगलं?

कामावर अवलंबून आहे, पण प्रत्येकाचा स्वभाव माहीत असला की फसगत होत नाही.

सुती कापडात तंतूची लांबी महत्त्वाची. साधारण कापसाचा तंतू २५ ते ३० मिलिमीटर असतो. पिमा किंवा इजिप्तच्या गिझा यांसारख्या जातींचा ३४च्या वर जातो. लांब तंतूचं सूत गुळगुळीत आणि मजबूत होतं, कारण सुटी टोकं कमी. कापूस ओला झाला की आणखी मजबूत होतो, म्हणून धुण्याचा मार तो सोसतो. टी-शर्टसाठी दर चौरस मीटरला १८० ग्रॅम किंवा त्याहून जास्त वजनाचं कापड बघा. १३०-१४०चे टी-शर्ट हवेशीर असतात, पण लवकर विरतात.

लिनन अतिशय मजबूत आणि धुण्यागणिक मऊ होत जाणारं. त्याचा एकच शत्रू, कायमची घडी. रोज त्याच रेघेवर कडक इस्त्री मारली तर तंतू तिथेच तुटतात.

लोकर वास लवकर धरत नाही, ती कमी धुवावी लागते, म्हणून टिकते. मेरिनो जातीच्या मेंढीचा तंतू बारीक, बहुधा १७ ते २० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), त्यामुळे टोचत नाही. पण जितका बारीक तितका नाजूक. अंगालगतच्या कपड्याला बारीक घ्या, वरच्या स्वेटरला जरा भरड चालेल.

व्हिस्कोस, म्हणजे लाकडाच्या लगद्यापासून केलेलं कापड, अंगावर सुरेख पडतं, पण ओलं झालं की आपली बरीच ताकद गमावतं. ते पिळू नका.

पॉलिस्टर १९४१ मध्ये इंग्लंडमध्ये शोधलं गेलं आणि ते फार मजबूत असतं. पावसाळी जॅकेट, पाठीवरची पिशवी, अस्तर यांना ते योग्यच. घामाच्या शर्टाला मी ते घेत नाही, त्यात वास बसतो आणि धुऊनही पुरता जात नाही. इलॅस्टेन, म्हणजे ताणणारा धागा, १९५८ मध्ये आला. जीन्समध्ये एक-दोन टक्के असला तर बसायला-उठायला बरं. उष्णता आणि क्लोरीनचं ब्लीच यांनी तो मरतो आणि मग गुडघ्यावरचा झोळ काही केल्या जात नाही.

स्वेटरवर बारीक गोळे आले. म्हणजे माल वाईट?

तसंच काही नाही. घासून सैल झालेले तंतू वर येतात आणि एकमेकांत गुंततात. शुद्ध लोकरीवर पहिल्या काही आठवड्यांत गोळे येतात, काढून टाकले की हळूहळू थांबतात. लोकर आणि पॉलिस्टर यांच्या मिश्रणात ते थांबत नाहीत, कारण पॉलिस्टरचा मजबूत तंतू गोळ्याला गळू देत नाही. कपडा सपाट पसरून गोळे कापणाऱ्या यंत्रानं किंवा स्वेटरच्या कंगव्यानं काढा. ओढून तोडू नका, प्रत्येक गोळ्याबरोबर चांगला तंतूही बाहेर येतो.

ऑनलाइन घेताना हात कसा लावणार?

हात लावता येत नाही, म्हणून टेप लावायची. तुम्हाला सगळ्यात छान बसणारा शर्ट सपाट पसरा आणि पाच मापं लिहून ठेवा: खांदा ते खांदा, काखेखालून छाती, बाही, पाठीची लांबी, कॉलर. पँटीची कंबर, बैठक, मांडी, आतली लांबी, पायाचा घेर. विक्रेत्यानं दिलेली कपड्याची मापं याच्याशी ताडून बघा. ‘मीडियम’ या शब्दावर विसंबू नका, तो प्रत्येकाचा वेगळा असतो. कापडाचं वजन आणि तंतूंची टक्केवारी दिली नसेल तर विचारा. उत्तर आलं नाही तर सोडून द्या. आणि घरी आल्यावर चिठ्ठी कापण्याआधी कपडा उलटा करून वरची सगळी तपासणी करा, परत पाठवायचा आळस करू नका.

सेल लागला की राहवत नाही. काय करू?

यादी ठेवा. मी एका वहीत ‘हवं आहे’ असं पान ठेवलंय, त्यात वस्तू आणि तारीख लिहिते. तीस दिवसांनी ती वस्तू अजून आठवते आहे का ते बघते. बहुतेक नोंदी वाचताना मलाच आश्चर्य वाटतं की हे मला हवं होतं. ज्या टिकतात त्या मी घेते, सेल असो वा नसो.

एक राखाडी कोट मी निम्म्या किमतीत मिळाला म्हणून घेतला होता. खांद्यात बोटभर मोठा होता, म्हटलं चालेल. चार हिवाळे तो तसाच लटकत राहिला. कंबर, लांबी, बाही हे सगळं शिंप्याकडून बदलून घेता येतं. खांदा मात्र पुरा उसवून नव्यानं बसवावा लागतो, आणि तो क्वचितच धड होतो. खांदा बसत नसेल तर किंमत विचारूच नका.

रंग कोणते निवडावेत?

तुमच्याकडे आधीपासून जे रंग आहेत आणि तुम्ही जे आपणहून घालता, त्यांतलेच. काळा-पांढरा-करडा घ्या असा सल्ला सगळीकडे मिळतो, पण हिरवा तुमचा असेल तर हिरवा घ्या. एकच कसोटी: नवा कपडा घरातल्या किमान तीन कपड्यांबरोबर घालता आला पाहिजे. सुती काळा रंग धुऊन विटतो, हे मात्र लक्षात ठेवा. दोन काळ्या पँटी शेजारी ठेवल्या की कुठली जुनी ते लगेच कळतं.

धुण्यानं कपडे खराब होतात, हे खरं का?

खरं आहे. बऱ्याच कपड्यांना अंगावरच्या वापरापेक्षा मशीनमधला मार जास्त बाधतो. ड्रायरच्या गाळणीत जमणारा तो मऊ कापूस दुसरं काही नसून तुमचा शर्ट आहे.

थंड किंवा ३० अंशांचं पाणी, कपडे उलटे करून, चेनी बंद, बटणं उघडी. बंद बटणांनी काजावर ताण येतो. साबण कमी, जास्तीचा साबण तंतूत राहून कापड कडक करतो. रंगीत कपडे सावलीत वाळवा. विणलेले स्वेटर टॉवेलवर आडवे पसरा, दोरीवर टांगले तर पाण्याच्या वजनानं लांबतात.

लोकरीच्या बाबतीत मी एकदा घाई केली. आईनं विणलेला निळा स्वेटर गरम पाण्याच्या धुण्यात गेला. बाहेर आला तो दहा वर्षांच्या मुलाच्या मापाचा आणि नमद्यासारखा घट्ट. लोकरीच्या तंतूवर खवले असतात. उष्णता, पाणी आणि घुसळण एकत्र आली की ते एकमेकांत अडकतात आणि सुटत नाहीत. लोकर थंड पाण्यात, हातानं, न चोळता नुसती दाबून धुवायची, आणि टॉवेलात गुंडाळून पाणी टिपायचं.

लेबलवरची चिन्हं एकदा शिकून घ्या. पाण्याचं घमेलं म्हणजे धुणं, आतला आकडा तापमान. त्रिकोण म्हणजे ब्लीच, चौकोन वाळवणं, वर्तुळ ड्रायक्लीनिंग. इस्त्रीतले ठिपके जितके जास्त तितकी ती गरम चालते. चिन्हाखाली एक रेघ असेल तर हलक्या हातानं, दोन असतील तर फारच हलक्या. फुली म्हणजे नको.

लेबलवर प्रमाणपत्रं असतात. ती टिकाऊपणाची हमी देतात का?

नाही, ती वेगळ्या गोष्टींची आहेत. ‘गॉट्स’ (GOTS) या सेंद्रिय कापडाच्या जागतिक मानकाच्या चिन्हासाठी किमान ७० टक्के सेंद्रिय तंतू लागतात, शिवाय प्रक्रिया आणि कामगारांबाबतचे नियम असतात. ‘ओएको-टेक्स स्टँडर्ड १००’ सांगतं की कपड्यात घातक रसायनं ठरलेल्या मर्यादेत आहेत. दोन्ही चांगलीच, पण टाके तुम्हालाच मोजावे लागतील.

वापरलेले कपडे घ्यावेत का?

जरूर. चांगल्या कापडाशी ओळख व्हायला याहून चांगली शाळा नाही, आणि जो कपडा वीस-पंचवीस धुणी सोसून सरळ उभा आहे त्याची परीक्षा आधीच झालेली असते. काख, कॉलरची घडी, मांड्यांची आतली बाजू आणि पार्श्वभाग उजेडाकडे धरून बघा. लोकर असेल तर बारीक भोकं शोधा, ती कसरीची असतात. संशय आला तर पिशवीत हवाबंद करून उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा, मग धुऊन कपाटात. घाम आणि डाग लागलेली लोकर कसर आधी खाते, म्हणून हंगाम संपताना न धुता काही ठेवू नका.

तेच तेच कपडे घातलेले लोकांना दिसत नाहीत का?

फारसे दिसत नाहीत. काल समोरच्यानं काय घातलं होतं, आठवून बघा.

दुरुस्तीचं किती शिकावं लागतं?

तीन गोष्टी पुरतात: बटण लावणं, उसवलेली शिवण मागच्या टाक्यानं (बॅकस्टिचनं) सांधणं, आणि पँटीची खालची दुमड घालणं. बटण लावताना वर एक काडेपेटीची काडी ठेवून टाके घाला, मग काडी काढून बटणाखाली दोरा चार वेळा गुंडाळा. झाली मान तयार.

बाकीसाठी शिंपी आहे. कॉलरची घडी विरली की लोक शर्ट टाकतात, पण कॉलर उसवून, उलटी करून परत शिवता येते. विरलेली बाजू आत जाते, कोरी बाहेर येते. माझ्या एका फिकट निळ्या शर्टाची कॉलर सातव्या वर्षी उलटून घेतली, त्यानंतर तो आणखी चार वर्षं गेला. कापड विरायला लागल्याचं दिसलं की लगेच आतून ठिगळ लावून घ्या. भोक पडेपर्यंत थांबलात तर आजूबाजूचं कापडही टाका धरत नाही.

पूर्ण संपलेल्या कपड्याचं काय करायचं?

आधी सगळी बटणं कापून एका डब्यात टाका, चेन चांगली असेल तर उसवून ठेवा. धड उरलेल्या भागातून ठिगळांसाठी तुकडे काढा, पाठीचं आणि बाह्यांच्या वरच्या भागाचं कापड बहुधा शाबूत असतं. सुती असेल तर उरलेल्याची फडकी. आणि कात्री लावण्याआधी एकदा तो उजेडाकडे धरून कुठे कुठे गेला ते वहीत टिपून ठेवा. त्या निळ्या शर्टाच्या नोंदीत ‘उजवं कोपर, टेबलाची कड’ असं लिहिलंय. पुढचा शर्ट घेताना मी कोपराचं कापड आधी चाचपलं.